उजवीकडची एक जागा, डावीकडची एक जागा

शास्त्रपाठ : मत्तय २०:२०-२८, उत्पत्ती २७:१-४०, गलतीकरांस ६:४



भिलाईच्या हुडको वसाहतीत एका कुटुंबाकडे सायंप्रार्थनेसाठी गेलो होतो. प्रार्थना संपली, चहाचे पेले फिरले आणि बोलणे हळूहळू मुलांच्या परीक्षेवर आले. त्या घरचा मुलगा पाचवीत आहे. शेजारच्या घरातला त्याचा जिवलग मित्रही पाचवीतच आहे. दोघेही जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेस बसणार आहेत. पाहता पाहता बैठकीत दोन पक्ष पडले. एक भगिनी म्हणाली, ‘‘शाळा सुटल्यावर तीन तासांची शिकवणी, रविवारी सराव परीक्षा, दहा वर्षांच्या लेकराला हा काच कशासाठी?’’ तिचे यजमान म्हणाले, ‘‘आज काच सोसला नाही तर पुढे जन्मभर सोसावा लागेल. दुसऱ्यांची मुले थांबणार आहेत का?’’ कारखान्यातून निवृत्त झालेले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, ‘‘आमच्या वेळी एवढे नव्हते.’’ त्यावर कोणीतरी हळूच म्हणाले, ‘‘तुमच्या वेळी कारखान्यात नोकऱ्या होत्या, काका.’’

निघताना दोन गोष्टी घडल्या. यजमान मला फाटकापर्यंत पोहोचवावयास आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘सर, तिसरीपासून मुलाचे नाव एका खेड्यातल्या शाळेच्या पटावर आहे. तो शिकतो इथेच. ग्रामीण जागांतून त्याचा नंबर सहज लागेल. सब करते हैं. यात पाप आहे का?’’ मी उत्तर देण्यापूर्वीच तो मुलगा धावत आला आणि म्हणाला, ‘‘काका, माझा नंबर लागावा म्हणून प्रार्थना कराल? पण माझ्या मित्राचाही लागला पाहिजे. आणि जागा एकच उरली असेल तर देव काय करील?’’

मुलासाठी मी तेथेच प्रार्थना केली. वडिलांना मात्र त्या रात्री उत्तर देऊ शकलो नाही. तो प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून ते उत्तर आज आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे.

प्रथम ही परीक्षा काय आहे ते समजून घेऊ. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नवोदय विद्यालयांची कल्पना मांडली गेली. पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर व आपल्या महाराष्ट्रातील अमरावती येथे सुरू झाली. हेतू असा की, खेड्यातील हुशार मुलाला, बापाच्या हाती पैसा असो वा नसो, उत्तम निवासी शिक्षण मिळावे. दुर्ग जिल्ह्याचे विद्यालय बोरई येथे आहे. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ऐंशी मुले घेतात. त्यांतील किमान पंचाहत्तर टक्के जागा, म्हणजे ऐंशीपैकी साठ, ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. ज्याने तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातील शाळेत शिकून काढली तोच ग्रामीण उमेदवार. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरातील शाळेत शिकला तरी तो शहरी गणला जातो. परीक्षा दोन तासांची, प्रश्न ऐंशी, गुण शंभर. बुद्धिमत्ता, अंकगणित व भाषा हे तीन विषय. आणि ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते.

या नियमांकडे नीट पाहा. ज्याला शिकवणी नाही, ओळख नाही, ज्याच्या बापाला शहरात घर नाही, त्याच्यासाठी कोणीतरी दार उघडून ठेवले आहे. परीक्षा ही वाईट गोष्ट आहे असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. शिफारशीची चिठ्ठी आणि देणगीची रक्कम यांपेक्षा प्रश्नपत्रिका पुष्कळ न्यायी आहे. परिश्रमही निंद्य नाहीत. दानिएल व त्याचे मित्र निवडून घेतलेले तरुण होते. त्यांनी तीन वर्षे अभ्यास केला आणि राजापुढे कसोटीस उतरले. आळसाला देवभक्तीचे नाव देण्याची मुभा पवित्र शास्त्र कोणास देत नाही. मग आपले चुकते कोठे?

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन प्रभूकडे येते आणि नमन करून मागणे मागते. त्याच्या राज्यात तिच्या एका मुलाने त्याच्या उजवीकडे व दुसऱ्याने डावीकडे बसावे, एवढेच तिचे मागणे आहे. वाचकहो, या माउलीला हसू नका. तिने घरदार सोडून मुलांना प्रभूच्या मागे जाऊ दिले होते. जब्दीच्या नावेवरील दोन हात गेले होते. त्या त्यागाचे काही फळ मुलांच्या पदरी पडावे, असे तिला वाटले तर त्यात नवल ते काय? आणि बाकीचे दहा शिष्य रागावले ते ती चुकली म्हणून नव्हे. आपल्या आधी हिने अर्ज दिला, हा त्यांचा राग होता. हुडकोतील त्या बैठकीत मी हेच पाहिले. स्पर्धेला नावे ठेवणाऱ्यांतही काहींचा राग असा होता की, आपले मूल मागे पडते आहे.

प्रभूने तिला झिडकारले नाही. तो म्हणाला की, तुम्ही काय मागत आहात हे तुम्हांस कळत नाही. येथे भाषांतरकार म्हणून एक गोष्ट आपल्या नजरेस आणून देतो. तिने मागितलेल्या जागांसाठी मत्तय मूळ ग्रीक भाषेत जे शब्द वापरतो, ‘एक उजवीकडे व एक डावीकडे’, तेच शब्द तो पुढे सत्ताविसाव्या अध्यायात पुन्हा वापरतो. कालवरीवर प्रभूच्या दोन्ही बाजूंना दोन लुटारू खिळले गेले, तेथे. त्याच अध्यायात, दुरून हे पाहत असलेल्या स्त्रियांमध्ये जब्दीच्या मुलांची आईही उभी असल्याचे मत्तय आवर्जून सांगतो. आपण मुलांसाठी ज्या जागा मागितल्या त्या तिने डोळ्यांनी पाहिल्या. त्या घटकेला तिच्या मनात काय आले असेल? आपले मागणे ऐकले गेले नाही म्हणून तिने देवाचे आभार मानले असतील का? शास्त्र सांगत नाही. पण जी आई एकदा मुलांसाठी जागा मागावयास आली, ती शेवटी कोणतीही जागा न मागता वधस्तंभाजवळ उभी राहिली, एवढे मात्र सांगते. मोठे होणे म्हणजे सेवक होणे, हा धडा ती तेथे शिकली असावी.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. पवित्र शास्त्रात आणखी एक आई आहे. तिचे नाव रिबका. मुले पोटात असतानाच देवाने तिला सांगून ठेवले होते की, वडील धाकट्याची सेवा करील. वचन हाती होते. तरीही इसहाकाचा आशीर्वाद जवळ आला तेव्हा तिचा धीर सुटला. तिने याकोबाला एसावाची वस्त्रे घातली, हातांवर व मानेवर करडांची कातडी चढवली आणि त्याला रानातला शिकारी बनवून आंधळ्या बापापुढे पाठवले. घरात राहणाऱ्या मुलाला रानातल्या मुलाचा वेष! शहरातल्या मुलाला खेड्याच्या पटाचा वेष चढवणे याहून वेगळे आहे काय? मुलगा कचरत होता. तेव्हा आई म्हणाली की, शाप लागला तर तो मला लागो. आपणही असेच म्हणतो. खोटे मी लिहितो, सही माझी आहे, लेकराचा काय दोष?

पण खोटेपणाचा हिशेब एकाच्या खात्यावर मांडता येत नाही. रिबकेने याकोबाला थोडे दिवस मामाकडे राहा म्हणून सांगितले. ते थोडे दिवस वीस वर्षांचे झाले. तिच्या दाईच्या मृत्यूची नोंद शास्त्रात आहे, पण रिबका व याकोब पुन्हा भेटल्याची नोंद कोठेही नाही. इसहाकाने ज्या कपटाचा उल्लेख केला, त्याच धातूपासून झालेला शब्द पुढे लाबानाने फसवल्यावर याकोबाच्या स्वतःच्या तोंडी येतो. आईने शिकवलेला शब्द त्याला मामाच्या घरी ओळखू आला.

आणि आणखी एक गोष्ट. आंधळ्या बापाने विचारले होते, तू कोण? मुलगा म्हणाला, एसाव. वीस वर्षांनंतर यब्बोकाच्या काठी रात्रभर झोंबी चालली असता त्याला पुन्हा विचारण्यात आले की, तुझे नाव काय? या वेळी त्याला ‘याकोब’ म्हणावे लागले. आपले खरे नाव उच्चारल्यावाचून त्याला नवे नाव मिळाले नाही. बंधुभगिनींनो, आपल्या मुलांना हा प्रश्न कधी तरी देव विचारणारच आहे. तू कोण? कोठला? त्या वेळी त्याच्या ओठांवर खरे उत्तर यावे अशी तयारी आपण त्याच्याकडून करून घेत आहोत, की दुसऱ्याचे नाव सांगण्याची?

शिवाय एसावाला विसरू नका. आपलाही आशीर्वाद उरला आहे का, असे विचारून तो मोठ्याने रडला. आपल्या बाबतीत तो एसाव कोण आहे? पाटण किंवा धमधा तालुक्यातील एखाद्या गावचा, धानाच्या बांधावरून शाळेत जाणारा मुलगा. त्याने तिन्ही वर्षे खरोखरच त्या शाळेत काढली आहेत. त्यालाही आयुष्यात हीच एक संधी आहे. जागा साठ असोत की ऐंशी, आपण खोट्याने घेतलेली जागा ही नेमकी त्याची जागा असते. आपण त्याचे रडणे ऐकत नाही, कारण निकालाच्या यादीत न आलेली नावे छापली जात नाहीत. परंतु जो देव हाबेलाच्या रक्ताची वाणी जमिनीतून ऐकतो, त्याला छापलेल्या यादीची गरज नाही.

म्हणून, माझ्या बंधू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आहे. यात पाप आहे. सगळेच करतात याने ते लहान होत नाही. उलट सगळे करतात म्हणून त्या खेड्यातल्या मुलावरचा भार वाढतो.

हे लिहिताना मी उंच व्यासपीठावर उभा नाही. आम्ही नागपूरला होतो तेव्हा माझी मुलगी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेस बसली होती. मी दिवसा नीतिसूत्रांचे भाषांतर तपासत असे आणि रात्री तिला गणिते घालत असे. एक गणित चुकले की माझा आवाज चढे. निकालात तिचे नाव आले नाही. मी तिला मारले नाही, रागावलोही नाही. दोन दिवस फक्त तिच्याशी बोललो नाही. पुष्कळ वर्षांनी, ती नोकरीस लागल्यावर, सहज बोलता बोलता म्हणाली, ‘‘बाबा, ते दोन दिवस मला वाटत होते की मी या घरची नाहीच.’’ मी तिची क्षमा मागितली. तिने ती दिली. पण ते दोन दिवस मला परत घेता आले नाहीत.

त्या काळात माझ्या मेजावर जे वचन होते ते नीतिसूत्रे २२:६ हे होते. मुलाला शिक्षण देण्याविषयीचे हे वचन आपल्या प्रत्येक शब्बाथ शाळेत पाठ करून घेतात. मूळ इब्री वाक्यात दोन गोष्टी लक्ष देण्यासारख्या आहेत. तेथील क्रियापद नव्या घराची किंवा मंदिराची प्रतिष्ठापना करण्यासाठीही वापरले आहे. अनुवाद २०:५ मध्ये नवे घर बांधणाऱ्याविषयी आणि १ राजे ८:६३ मध्ये शलमोनाच्या मंदिराविषयी तोच शब्द येतो. मुलाला शिकवणे म्हणजे त्याला देवाला वाहिलेल्या वास्तूसारखे उघडणे. दुसरे असे की, तेथे मूळ शब्द ‘त्याच्या मार्गाप्रमाणे’ असे आहेत. बापाच्या मार्गाप्रमाणे नव्हे, शेजाऱ्याच्या मुलाच्या मार्गाप्रमाणेही नव्हे. मी हा शब्द कोशांत तपासला, त्यावर टिपणे लिहिली आणि त्याच रात्री घरी जाऊन माझ्या लेकीला माझ्याच मार्गाने ओढले. शास्त्राचे भाषांतर कागदावर करणे सोपे आहे, वाचकहो.

गलतीकरांस पत्रात पौल सांगतो की, प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या कामाची परीक्षा करावी, म्हणजे त्याला अभिमान बाळगावयास जागा मिळेल ती स्वतःपुरती, दुसऱ्याच्या तुलनेने नव्हे. येथे ‘परीक्षा’ या अर्थाचा जो ग्रीक शब्द आहे तो धातूची पारख करण्यासाठीही वापरला जाई. भिलाईकरांना हे समजावून सांगावयास नको. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून आपल्यापैकी किती घरांची चूल या कारखान्यावर पेटली! पोलादाची भट्टी उतरली की तिचा नमुना प्रयोगशाळेत जातो. कशासाठी? त्या पोलादाला लाजवण्यासाठी नव्हे. त्यात काय किती आहे आणि ते कशाच्या उपयोगाचे आहे, हे कळावे म्हणून. रुळाचे पोलाद निराळे, पत्र्याचे निराळे. रुळासारखा नाही म्हणून पत्र्याला कोणी नापास म्हणत नाही. त्या निवृत्त काकांना विचारा, ते सांगतील. मग आपल्या लेकराच्या हाती दोन तासांच्या परीक्षेचा निकाल येतो तेव्हा आपण प्रयोगशाळेइतकी तरी समजूत का दाखवू नये?

मंडळीच्या इतिहासातही एक साक्ष आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या. पुढे त्यांनी केडगावला मुक्तिसदन उभे केले आणि त्याच ठिकाणी इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर सिद्ध करून १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या. त्यांनी कोणाची प्रवेशपरीक्षा घेतली नाही. ज्या उपाशी होत्या त्यांना घेतले, आणि मग शिकवले. त्यांतल्या स्त्रियांच्याच हातांनी पुढे ते शास्त्र छापले गेले. चाळणीतून उरलेल्यांवर देव आपले काम थांबवीत नाही, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी ती छपाई आठवावी.

तर मग आपण काय करावे? चार गोष्टी नम्रपणे सुचवतो.

पहिली, अर्ज खरा भरा. शहरी मुलासाठी जागा थोड्या आहेत आणि संधी एकच आहे हे मी जाणतो. खरे लिहिल्याने मुलाची संधी कमी होईल, हे खोटे सांत्वन न देता मान्य करतो. सत्याची किंमत असते. ती मुलाच्या देखत भरा, म्हणजे परीक्षेत न विचारलेला धडा तो घरी शिकेल.

दुसरी, शिकवणी असो, पण तिने मुलाची झोप, खेळ आणि प्रभूचा दिवस खाऊ नये. जो देव विश्रांतीची आज्ञा देतो तो दहा वर्षांच्या मुलालाही ती देतो.

तिसरी, निकालाच्या दिवशी काय बोलावयाचे ते आजच ठरवून ठेवा. नाव आले तर आणि नाव न आले तर, दोन्ही वेळा दारात उच्चारलेले पहिले वाक्य एकच असावे. आणि कृपा करून माझ्यासारखे गप्प राहू नका. बापाच्या मौनाचा अर्थ लेकरू आपणच लावते.

चौथी, आपल्या मंडळीच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी, ज्यांना शिकवणी परवडत नाही अशा मुलांना गणित व भाषा शिकवा. ती आपल्याच मुलांची प्रतिस्पर्धी असतील. असू द्या. सेवा करावयास आलेल्या प्रभूचे शिष्य आणखी कशाने ओळखले जातील?

आता त्या लहान मुलाचा प्रश्न उरतो. जागा एकच उरली असेल तर देव काय करील? मी त्याला म्हणालो, ‘‘बाळा, देव कोणाला कोठे नेईल हे मला माहीत नाही. पण ज्याला जागा मिळेल तो गर्वाने फुगू नये आणि ज्याला मिळणार नाही तो एकटा पडू नये, एवढे आपण मागू.’’ तो क्षणभर विचार करून म्हणाला, ‘‘म्हणजे मैत्री तुटू नये असेच ना?’’ मी होय म्हणालो. मग त्याने आपल्या मित्राचे नाव घेऊन स्वतःच प्रार्थना केली. बाजूला उभे असलेले त्याचे वडील मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी पुढे काय ठरवले ते मला ठाऊक नाही. अर्जाची मुदत त्या वेळी संपलेली नव्हती. ज्यांची मुदत आज संपलेली नाही, अशा प्रत्येक आईबापासाठी मी हे लिहिले आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमची लेकरे तू आम्हांला दिलीस, ती आमच्या आकांक्षांची शिडी नव्हेत. त्यांच्यासाठी जागा मागताना दुसऱ्याच्या लेकराची जागा हिरावण्यापासून आमचे हात आवर. खरे लिहिण्याचे धैर्य दे आणि त्याची किंमत सोसण्याची शक्ती दे. ज्यांची नावे यादीत आली नाहीत त्यांना तू नावाने हाक मार. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.